परक्या संगणकावर संगीत : अडते कोठे?

एका माध्यमिक शाळेतील संगीतशिक्षक काही महिन्यांपूर्वी शाळेचा एक जुना संगणक घेऊन आमच्याकडे आले. प्रार्थना, समूहगीते, स्नेहसंमेलनातील नाचांची साथ असे सात-आठ वर्षांचे काम त्यांनी विंडोज कार्यप्रणालीवर चालणाऱ्या एका संगीतनिर्मितीच्या आज्ञावलीत करून ठेवले होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या आवृत्तीचा नियमित आधार संपला. विंडोज ११ साठी संगणकात सुरक्षेची एक विशिष्ट चिप आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो. शाळेचे संगणक चांगले चालत असूनही या अटीत बसत नव्हते. म्हणून शाळेने त्यांच्यावर लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली बसवली. मुलांचे टंकलेखन, चित्रे, गणिताचे कार्यक्रम सारे सुरळीत चालू झाले. फक्त सरांच्या आज्ञावलीची लिनक्ससाठी आवृत्तीच नव्हती. सरांचा प्रश्न सरळ होता, “माझी गाणी गेली का?”

गाणी गेली नव्हती. पण उत्तर शोधताना एक गोष्ट ध्यानात आली. “ही आज्ञावली या संगणकावर चालेल का?” हा एक प्रश्न नसून दोन आहेत. आज्ञावलीचे म्हणणे संगणकाला कळेल का, हा पहिला. कळल्यावर ते काम वेळेत होईल का, हा दुसरा. पत्र लिहिण्याच्या आज्ञावलीला पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुरते. संगीताचे तसे नाही.

‘आधार नाही’ म्हणजे काय?

आज्ञावलीच्या खोक्यावर ‘अमुक कार्यप्रणालीला आधार नाही’ असे लिहिलेले असते, त्याचे तीन अर्थ होऊ शकतात. एक, तेथे ती चालणे शक्यच नाही. दोन, निर्मात्यांनी ती तेथे चालवून पाहिलेली नाही. तीन, चालली तर चालली, बिघडली तर जबाबदारी आमची नाही. आपण बहुधा पहिलाच अर्थ घेतो, पण प्रत्यक्षात दुसरा आणि तिसरा हेच अधिक वेळा खरे असतात. मात्र पहिला अर्थही कधीकधी खरा असतो. २०१९ साली ॲपलने मॅक संगणकांसाठी ‘कॅटालिना’ ही आवृत्ती काढली आणि ३२-बिटच्या आज्ञावली चालवण्याची सोयच काढून टाकली. संगीतकारांनी पूर्वी विकत घेतलेली कितीतरी ३२-बिटची ‘प्लगइन’ वाद्ये त्या दिवसापासून नव्या आवृत्तीवर मुकी झाली.

दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात

विंडोजची आज्ञावली लिनक्सवर का चालत नाही, हे समजण्यासाठी एका आचाऱ्याची कल्पना करा. त्याला कणीक मळणे, लाटणे, तळणे उत्तम येते. ही कामे कोणत्याही घरात सारखीच. पण त्याच्याजवळच्या कागदावर मध्येच लिहिलेले असते, “तिसऱ्या फळीवरचा डबा काढा”, “कोपऱ्यातला नळ सोडा”. दुसऱ्याच्या घरात तिसऱ्या फळीवर डब्याऐवजी पुस्तके असतात. आचारी तेथे अडतो.

संगणकात बेरीज, गुणाकार, तुलना ही कामे प्रोसेसर करतो. विंडोज असो वा लिनक्स, इंटेल जातीचा प्रोसेसर तोच असतो आणि त्याला कळणाऱ्या मूळ आज्ञाही त्याच असतात. पण फाईल उघडणे, पडद्यावर खिडकी काढणे, स्पीकरकडे आवाज पाठवणे ही कामे आज्ञावली स्वतः करत नाही. त्यासाठी ती कार्यप्रणालीला विनंती करते. विंडोजला करायच्या विनंत्यांची नावे आणि पद्धत वेगळी, लिनक्सची वेगळी. अडचण एवढीच, पण अशा विनंत्या हजारो प्रकारच्या आहेत.

यावर उपाय म्हणून १९९३ साली ‘वाइन’ या मुक्त प्रकल्पाला सुरुवात झाली. बॉब ॲमस्टॅड यांनी आरंभ केला आणि १९९४ पासून अलेक्झांडर ज्युलियार्ड त्याची धुरा सांभाळत आहेत. वाइनची १.० ही आवृत्ती यायला २००८ साल उजाडले. म्हणजे पंधरा वर्षे लागली! वाइन म्हणजे परक्या स्वयंपाकघरात आचाऱ्याजवळ उभा राहिलेला जाणकार मदतनीस. “तिसऱ्या फळीवरचा डबा” असे ऐकताच तो या घरात तो जिन्नस जेथे असेल तेथून आणून देतो. मळणे-लाटणे आचारी स्वतःच करतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वाइन संपूर्ण विंडोज संगणकाचे सोंग घेत नाही. सोंग घेणाऱ्या आज्ञावलीला ‘इम्युलेटर’ म्हणतात. ती प्रोसेसरची प्रत्येक आज्ञा दुसऱ्या भाषेत उलगडून मग पार पाडते, त्यामुळे बराच वेळ जातो. वाइनमध्ये गणिताची कामे थेट मूळ वेगाने होतात, केवळ विनंत्यांचे भाषांतर होते. प्रोसेसरच वेगळ्या जातीचा असेल, तर मात्र वाइनच्या जोडीला इम्युलेटर लागतोच.

सरांच्या संगणकावर आम्ही वाइन बसवले. आज्ञावली उघडली, गाण्यांची यादी दिसली, एक प्रार्थना सुरूही झाली. सर खूश झाले. पण तानपुऱ्याच्या सुरामागे मधूनमधून ‘टक्, टक्’ असा आवाज येत होता. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ मिळाले होते. आता दुसरा प्रश्न पुढे आला होता.

ताटातली वाटी

संगणकात आवाज आकड्यांच्या रूपात असतो. ध्वनिलहरीची उंची सेकंदाला हजारो वेळा मोजून ठेवतात, या मोजमापांना नमुने म्हणतात. माणसाचा कान सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतची कंपने ऐकतो. ती नीट टिपण्यासाठी त्याच्या दुपटीहून अधिक वेळा नमुने घ्यावे लागतात. म्हणून सीडीवर सेकंदाला ४४,१०० आणि ध्वनिमुद्रणाच्या कामात बहुधा ४८,००० नमुने असतात.

हे नमुने एकेक करून साउंड कार्डाकडे पाठवणे परवडत नाही, म्हणून त्यांचे गट करून पाठवतात. अशा गटाच्या जागेला ‘बफर’ म्हणतात. आता आचाऱ्याकडून पंगतीकडे येऊ. साउंड कार्ड हा पंगतीतला एक विलक्षण जेवणारा आहे. तो अगदी एकसारख्या वेगाने आमटी पितो, क्षणभरही थांबत नाही. त्याच्यापुढे दोन वाट्या आहेत. एक तो पीत असताना दुसरी भरायची. ती संपताच तो दुसरी उचलतो, भरलेली असो वा नसो. रिकामी वाटी उचलली गेली की आवाजाची लहर मध्येच तुटते. सरांना ऐकू आलेला ‘टक्’ तो हाच.

मग वाट्याच मोठ्या का घेऊ नयेत? घ्याव्यात, वाढप्याला सवड मिळेल. पण जेवणाऱ्याने मध्येच “आता कढी वाढा” म्हटले, तर आधी वाढलेली आमटी संपेपर्यंत कढी त्याच्या ओठांना लागणार नाही. वाटी जेवढी मोठी तेवढा हा उशीर जास्त. वादकाने कीबोर्डची पट्टी दाबणे म्हणजे कढी मागणे. पट्टी दाबल्यापासून सूर ऐकू येईपर्यंतच्या या उशिराला ‘लेटन्सी’ म्हणतात.

सेकंदाला ४८,००० नमुने धरले, तर एका बफरचा उशीर भागाकार करून काढता येतो. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणून तेवढ्या वेळात तो किती दूर जाईल तेही पुढे दिले आहे.

बफर ६४ नमुने : १.३ मिलिसेकंद : ०.५ मीटर
बफर १२८ नमुने : २.७ मिलिसेकंद : ०.९ मीटर
बफर २५६ नमुने : ५.३ मिलिसेकंद : १.८ मीटर
बफर ५१२ नमुने : १०.७ मिलिसेकंद : ३.७ मीटर
बफर १०२४ नमुने : २१.३ मिलिसेकंद : ७.३ मीटर
बफर २०४८ नमुने : ४२.७ मिलिसेकंद : १४.६ मीटर

म्हणजे २५६ नमुन्यांचा उशीर हा दोन मीटरांवर बसलेल्या तबलजीचा ठेका ऐकण्यासारखा आहे, त्याची कोणी तक्रार करत नाही. २०४८ चा उशीर म्हणजे तबलजी जवळजवळ १५ मीटर दूर, कदाचित दुसऱ्या वर्गात! एकूण उशीर १० मिलिसेकंदांच्या आत असला तर बहुतेक वादकांना तो जाणवत नाही, २०-३० च्या पुढे गेला की बोटे अडखळू लागतात. शिवाय वरचे आकडे एकाच बफरचे आहेत. मायक्रोफोनमधून आवाज आत घ्यायचा असेल, तर आत येतानाचा आणि बाहेर जातानाचा उशीर मिळवावा लागतो.

शंभरात नव्व्याण्णव पुरेसे नाहीत

आता एक हिशेब करू. बफर २५६ नमुन्यांचा असेल, तर सेकंदाला १८७.५ वाट्या भराव्या लागतात. चार मिनिटांच्या गाण्यात २४० सेकंद, म्हणजे एकूण ४५,००० वाट्या. समजा शंभरातल्या नव्व्याण्णव वेळेत भरल्या. परीक्षेत हे गुण उत्तम ठरतील. येथे मात्र ४५० वाट्या रिकाम्या गेल्या. दहा हजारांत एकच चुकली, तरीही एका गाण्यात चार-पाच वेळा ‘टक्’ ऐकू येणारच.

यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. संगीतासाठी संगणकाचा सरासरी वेग कामाचा नाही. त्याचा सर्वांत वाईट उशीर किती, हे पाहावे लागते. वाटी भरायला सरासरी २ मिलिसेकंद लागत असतील आणि हाताशी ५.३ मिलिसेकंद असतील, तर वरवर चिंता नसावी. पण दहा हजारांत एकदा ९ मिलिसेकंद लागले तर सारे बिघडते. सर्वसाधारण कार्यप्रणालीचे धोरण मात्र याच्या उलट, सर्वांना न्याय देण्याचे असते. छपाई, जाळ्यावरून येणारी माहिती, घड्याळ, माऊस अशा सगळ्यांना ती थोडाथोडा वेळ वाटून देते. वर्गातील प्रत्येक मुलाकडे आळीपाळीने लक्ष देणाऱ्या शिक्षकासारखे हे आहे. धोरण चांगलेच, पण एखाद्या मुलाला चक्कर आली तर पाळी मोडावी लागते.

विंडोजवरही हा प्रश्न होताच. विंडोजमध्ये आवाज ज्या सामाईक वाटेने जाई, तिच्यावर बराच उशीर होत असे. जर्मनीतील स्टाइनबर्ग या कंपनीने १९९० च्या दशकात ‘एसिओ’ ही थेट वाट काढली. आज विंडोजवरची बहुतेक गंभीर संगीत आज्ञावली ती वाट वापरते. पण लिनक्सवर ती वाट नाही. तेथे आज्ञावलीला सामाईक वाटेने जावे लागते आणि त्यातच मदतनिसाच्या फेऱ्यांची भर पडते.

मदतनिसाच्या हाती घड्याळ

यावर मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी तीन ठिकाणी उपाय केले.

पहिला उपाय वाटेवरचा. लिनक्सवर आवाजासाठी पॉल डेव्हिस यांनी ‘जॅक’ नावाची व्यवस्था उभी केली. ती वाटी भरण्याच्या कामाला इतर कामांपुढे अग्रक्रम देते. हल्ली ‘पाइपवायर’ ही नवी व्यवस्थाही तेच काम करते, तिची १.० आवृत्ती २०२३ साली आली. ‘वाइनएसिओ’ नावाचा एक छोटा जोडतुकडा विंडोजच्या आज्ञावलीला सांगतो, “मीच तुझी एसिओची वाट”, आणि भरलेल्या वाट्या थेट जॅककडे पोहोचवतो. मधल्या फेऱ्या वाचतात.

दुसरा उपाय कार्यप्रणालीच्या गाभ्यातला. महत्त्वाचे काम आले की हातातले काम ताबडतोब बाजूला ठेवता यावे, अशी दुरुस्ती लिनक्सच्या गाभ्यासाठी सुमारे वीस वर्षे वेगळी उपलब्ध होती. २०२४ साली ६.१२ या आवृत्तीत ती मुख्य गाभ्यात सामील झाली. कारखान्यांतील यंत्रे आणि यंत्रमानव यांनाही नेमक्या वेळी प्रतिसाद हवा असतो. त्यांच्यासाठी झालेल्या कामाचा लाभ संगीताला मिळाला.

तिसरा उपाय मदतनिसाचाच. संगीताच्या आज्ञावलीत अनेक कामे एकाच वेळी चालतात. तबला एकीकडे तयार होतो, बासरी दुसरीकडे, आणि सारे एकमेकांसाठी थांबतात. हे थांबणे-सुरू होणे विंडोजच्या पद्धतीने व्हावे म्हणून वाइनला दर वेळी एका स्वतंत्र सेवकाला विचारावे लागे. २०२५ साली लिनक्सच्या ६.१४ आवृत्तीत ‘एनटीसिंक’ हा भाग आला. त्यामुळे हा निवाडा गाभ्यातच होऊ शकतो आणि सेवकाकडच्या फेऱ्या टळतात.

सरांच्या संगणकावर सामाईक वाटेऐवजी वाइनएसिओ लावले आणि आवाजाच्या कामाला अग्रक्रम दिला. २५६ च्या बफरवर ‘टक्’ बरेच कमी झाले, ५१२ वर पूर्ण थांबले. तयार गाणी ऐकायला हे पुरेसे होते. कीबोर्डवर जलद तान वाजवताना मात्र सरांना बोटांखाली किंचित जडपणा जाणवत राहिला. जुन्या संगणकाची मर्यादा तेथे होती.

दार बंद असते तेथे

एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत जमली नाही. सरांच्या चार गाण्यांत सतारीचे एक विकतचे प्लगइन वाद्य होते. ते उघडेना. त्याला नकल रोखण्यासाठी कुलूप होते आणि ते कुलूप विंडोजच्या गाभ्यात बसणाऱ्या एका तुकड्यावर अवलंबून होते. वाइन हे केवळ आज्ञावलींच्या विनंत्या भाषांतरित करते. गाभ्यात बसणाऱ्या तुकड्यांना हवा असतो विंडोजचा खरा गाभा, आणि तो येथे नाहीच. सरांनी ते वाद्य पैसे देऊन घेतले होते, पावतीही होती. तरी त्या चार गाण्यांतली सतार या संगणकावर गप्पच राहिली.

‘आधार नाही’ या शब्दांतला तिसरा अर्थ येथे बोचतो. तक्रार करायला जागा नाही. शिवाय आज चालणारी गोष्ट आज्ञावलीच्या पुढच्या आवृत्तीत बंद पडू शकते. म्हणून अशा व्यवस्थेवर कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कोणतीही नवी आवृत्ती चढवू नये. आणि नव्याने काम सुरू करायचे असेल, तर लिनक्सवर मुळातच चालणाऱ्या आज्ञावली पाहाव्यात. ‘आर्डर’ आणि ‘एलएमएमएस’ या मुक्त आहेत, ‘रीपर’ आणि ‘बिटविग’ या विकतच्या असल्या तरी लिनक्ससाठी मिळतात.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. मैदानावर एका टोकाला हलगी आणि तिच्यापासून ३४ मीटरांवर एक लेझीम खेळणारा विद्यार्थी उभा करावा. त्याने डोळे मिटून केवळ ऐकून ठेका धरावा. हलगीचा आवाज त्याच्यापर्यंत जायला सुमारे ०.१ सेकंद लागतो, लेझमीचा परत यायला तेवढाच. म्हणून हलगीजवळ उभ्या मुलांना त्याची लेझीम जवळजवळ ०.२ सेकंद मागे ऐकू येईल. मग त्याला डोळे उघडून हलगीवाल्याचा हात पाहत खेळायला सांगावे. उशीर निम्म्यावर येतो, तो का, हे विद्यार्थ्यांना शोधू द्यावे.

२. ‘ऑडॅसिटी’ ही मुक्त आज्ञावली विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते. तिच्या सेटिंगमधली ‘लेटन्सी कॉम्पेन्सेशन’ आधी शून्य करावी, नाहीतर ती उशीर परस्पर वजा करते. मग ‘रिदम ट्रॅक’ने ठोक्यांची एक पट्टी तयार करावी. हेडफोन मायक्रोफोनला चिकटवून ती वाजवत दुसऱ्या पट्टीवर मुद्रित करावी. दोन्ही पट्ट्यांतील एकाच ठोक्यामधले अंतर मोजले की आत-बाहेर मिळून होणारा उशीर कळतो. शाळेतील वेगवेगळ्या संगणकांवर हे मोजून तक्ता करावा. नवा संगणक नेहमी कमी उशिराचाच असतो असे नाही, हे त्यातून दिसू शकेल.

गाण्यांचे काय झाले?

शेवटी आम्ही सरांसह दोन रविवार बसलो आणि प्रत्येक गाणे उघडून त्यातले प्रत्येक वाद्य वेगळे, अगदी आरंभापासून, ‘वेव्ह’ फाईल म्हणून उतरवले. ज्या पट्ट्यांत कीबोर्डवरून वाजवलेले सूर होते, त्या ‘मिडी’ फाईल म्हणूनही जपल्या. मिडी ही १९८३ पासूनची पद्धत आहे. कोणता सूर, केव्हा, किती जोराने वाजवला, एवढेच ती नोंदवते, म्हणून ती जवळजवळ प्रत्येक संगीत आज्ञावलीला वाचता येते. सतारीची चार गाणी त्यामुळेच वाचली. वाद्य उघडले नाही, तरी त्याचे सूर मिडीत उतरले, आता ते दुसऱ्या सतारीवर वाजवता येतात. उतरवण्याच्या कामाला घाई नसते, म्हणून तेथे मोठा बफर चालला. एक ‘टक्’ही आला नाही.

सरांनी सोबत एक वही केली. गाण्याचे नाव, पट्टी, ताल, लय, वापरलेली वाद्ये. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पद्धतीने स्वरलेखनही लिहून काढले. ते लिहिताना ते म्हणाले, “हे आधीच करायला हवे होते.” स्वरलिपीत लिहिलेली बंदिश कोणत्या कारखान्याच्या पेटीवर वाजवायची, अशी अट घालत नाही. आपल्या शाळांत संगणकावर जे काही तयार होते, गाणी, चित्रे, प्रश्नपत्रिका, ते सर्व वर्षातून एकदा अशा बिनअटीच्या रूपात उतरवून ठेवण्याची सवय लावली, तर कोणाच्या आधाराची मुदत संपली म्हणून शाळेचे काम वाया जाणार नाही.